रविवारचं पाणी

लाँड्रीवाल्या मावशींच्या हातून एखादा डाग राहून गेलाय, असं त्या गल्लीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. शाई असो, गंज असो, नव्याकोऱ्या कोटावर सांडलेलं तेल असो, मावशी कपडा उजेडाकडे धरायच्या, नाक मुरडायच्या आणि म्हणायच्या, "परवा न्या." परवा कपडा मिळायचाच, आणि वर डाग पाडल्याबद्दल चार शब्दही ऐकायला मिळायचे. लोक दोन्ही मुकाट्यानं घेऊन जायचे.

अशा बाईच्या घरात, दुकानाच्या वरच्या खोलीत, शेवाळलेल्या पाण्याची एक फिश टँक तीन वर्षं सुखानं नांदत होती, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. टँक तिच्या भाच्याची. बहीण गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि मावशीनं त्याला आपल्याकडे आणला. पहिले सहा महिने पोरगं बोललंच नाही. दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून गळून पडलेल्या गुंड्या गोळा करायचं. म्हणून त्याचं नाव पडलं गुंड्या. पुढे तो बोलायला लागला, पण बेताचंच. मावशीही काही गोडबोली नव्हती. तिची माया म्हणजे शाळेच्या सदऱ्याची कडक कॉलर. दोघांनी पंधरा वर्षं एका छपराखाली काढली आणि एकमेकांना जिवाभावाचं एक वाक्य म्हटलं नाही. गरज काय, असं दोघांनाही वाटत असावं.

मग नोकरी लागली आणि गुंड्या दूरच्या शहरात गेला. जाताना चार गोल्डफिश मावशीच्या गळ्यात घालून गेला, आणि सोबत नियम. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, जास्त नाही. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, त्यात क्लोरीन मारायच्या औषधाचे थेंब टाकायचे, आणि टाकीइतकंच कोमट करून हळूहळू ओतायचं. फिल्टरचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा पिळायचा, नळाखाली धरायचा नाही. आणि रविवारी पाणी तपासून ठेवायचं. दहा वाजता तो फोन करायचा.

"मावशी, अमोनिया?"

"शून्य."

"नायट्रेट?"

"वीस."

"पीएच?"

"सात आणि वर थोडं."

"छान. खायला जास्त घालू नकोस."

चार मिनिटं. आठवडाभर वाट बघायची ती या चार मिनिटांची. रविवारी साडेनऊपासून मावशी फोन पदराला पुसत बसायची. एकदा, पहिल्याच वर्षी, तिनं न राहवून विचारलं होतं, "येतोस कधी?" तो म्हणाला, "बघू," आणि पुढच्या रविवारचा फोन दोन मिनिटांत आटपला. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. माशांची चौकशी तर माशांची, आवाज तर त्याचा होता.

आणि एका रविवारी नायट्रेट झाल्यावर गुंड्या म्हणाला, "मावशी, मी इथं मोठी टाकी घेतलीय. पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी येतो आणि मासे घेऊन जातो. तुझी कटकट संपली."

"बरं," मावशी म्हणाली. फोन तिनं पुन्हा एकदा पदराला पुसून ठेवला. तो येणार होता, दोन दिवस का होईना, डोळ्यांना दिसणार होता. आणि मासे गेले की रविवारी दहाला फोन करायचं त्याला कारणच उरणार नव्हतं. आनंद मानावा की रडावं, हे न कळून तिनं त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा झब्बा उलट्या बाजूनं इस्त्री केला.

पण लोकांची वस्तू लोकांना परत द्यायची, तर ती कशी द्यायची, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मळलेली वस्तू तिच्या दारातून कधी बाहेर पडली नव्हती. तो यायच्या दोन आठवडे आधी, एका गुरुवारी, तिनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. मासे बादलीत काढले. टाकी पार रिकामी केली, काचा घासल्या, तळाचे खडे उकळत्या पाण्यात तीनदा धुतले. स्पंज हातात घेतला तेव्हा नियम आठवला, नाही असं नाही. तीन वर्षं तो तपकिरी स्पंज पाहून तिचे हात शिवशिवत होते. एकदाच, जाता जाता, काय बिघडतंय? तिनं नळ सोडला आणि पाणी नितळ येईपर्यंत स्पंज चोळला. नव्या पाण्यात मात्र औषधाचे थेंब मोजून टाकले, कोमटपणा कोपर बुडवून पाहिला. निष्काळजी ती नव्हतीच. टाकी अशी लखलखली की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. मावशी स्वतःवर बेहद्द खूश झाली.

शनिवारी सकाळी चारही मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वासासाठी तडफडत होते. कल्ले लाल झाले होते.

मावशीनं तीन वर्षांत पहिल्यांदा आपणहून फोन लावला.

"मावशी? आज शनिवार ना?"

तिनं सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

"स्पंज नळाखाली धुतलास?"

"पांढरा केला."

"अगं, त्या मळातच तर सगळं असतं! माशांची घाण खाणारे जिवाणू. स्पंजात, खड्यांत राहतात ते. तू त्यांनाच धुऊन टाकलंस. आता घाणीचा अमोनिया होतोय आणि मासे त्यात भाजताहेत."

मावशीनं कपाळाला हात लावला. जन्मभर मळाशी वैर केलं, आणि तो मळच माशांना जगवत होता.

"रडू नकोस," गुंड्या म्हणाला. ती रडत नव्हती, पण त्यानं तसं म्हटल्यावर रडायला लागली. "ऐक. आत्ता तिसरा हिस्सा पाणी बदल, औषध घालून. दोन दिवस खायला नाही. आणि कुणाच्या तरी जुन्या टाकीतला मळका स्पंज मागून आण. ओलाच आण, त्यांच्याच पाण्यात. आणि धुवू नकोस!"

चौकातल्या शोभेचे मासे विकणाऱ्याचे शर्ट मावशीकडेच यायचे. "तुम्हाला मळका हवाय?" त्यानं तिला दोनदा विचारलं. "मावशी, तब्येत बरी आहे ना?" एरवी तिनं त्याची सालटी काढली असती. आज तिनं हात पुढे केला आणि ती काळपट, बुळबुळीत वस्तू पाण्याच्या पिशवीत घालून दोन्ही हातांनी सांभाळत घरी आणली.

त्या दिवसापासून गुंड्या रोज फोन करू लागला. सकाळी आणि संध्याकाळी. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, तपासणीचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग उमटायला पाच मिनिटं थांबायचं. रविवारी मावशी हे आधीच उरकून ठेवायची. आता गुंड्याचा तिच्या उतावळ्या हातांवर भरवसा उरला नव्हता, म्हणून रंग येईपर्यंत तो फोनवरच थांबायचा. आणि पाच मिनिटं दोन माणसं नुसती श्वास ऐकत किती वेळ बसणार? पहिल्या दिवशी तो म्हणाला, इथली लिफ्ट बंद आहे. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या जोडीदाराच्या घोरण्याची नक्कल केली. सोमवारी सकाळी चौघांतला फाटक्या शेपटीचा मासा उलटा तरंगताना दिसला.

"माझ्यामुळं गेला," मावशी फोनवर म्हणाली.

"मला आधी नीट सांगायला हवं होतं, का ते," तो म्हणाला. "मी नुसते नियमच सांगितले."

नळीतला अमोनियाचा हिरवा रंग दिवसागणिक फिका होत गेला. उरलेले तिघं खाली उतरले, खडे चाळू लागले. मावशीच्या जिवाची वेगळीच घालमेल सुरू झाली. मासे जगावेत म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसत होती, आणि रंग फिका झालेला पाहून तिचा चेहरा उतरत होता. स्वतःचीच लाज वाटायची तिला.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी नळीतलं पाणी स्वच्छ पिवळं झालं. पिवळं म्हणजे शून्य.

"काय रंग आहे?" गुंड्यानं विचारलं.

मावशीनं नळी उजेडाकडे धरली. "थोडा हिरवट आहे अजून," ती म्हणाली.

आयुष्यात तिनं गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. बुधवारी सकाळी ती पुन्हा म्हणाली, हिरवट. संध्याकाळीही हिरवट. त्या दिवशी त्यानं तिला ऑफिसातल्या साहेबांबद्दल सांगितलं, नव्या बुटांनी टाच सोलल्याचं सांगितलं, आणि ती इतकी हसली की खाली दुकानात थांबलेल्या गिऱ्हाइकानं वर हाक मारली.

गुरुवारी संध्याकाळी गुंड्यानं पुन्हा रंग विचारला.

"हिरवट," मावशी म्हणाली.

"मग जमत नाही गं," तो म्हणाला. "परवा शनिवार. अशा पाण्यातून उचलून एवढ्या लांब आणले तर मरतील. मी रजा रद्द करतो. आता वर्षअखेरीस मिळाली तर बघू."

मावशीच्या हातात नळी होती. पिवळी, लख्ख पिवळी.

"बरं, ठेवू?"

"थांब," ती म्हणाली. "ठेवू नकोस. पाणी चांगलं आहे."

"म्हणजे?"

"शून्य आहे. मंगळवारपासून शून्य आहे. मी खोटं बोलले."

"का?"

तीन वर्षं तिनं ओठांवर आलेलं गिळलं होतं. आता गिळायला जागा उरली नव्हती. "हिरवं म्हटलं की तू फोन करतोस," ती म्हणाली. "पिवळं म्हटलं की मासे नेशील. मासे गेले की मला कशाला फोन करशील?"

पलीकडे कुठंतरी दार आपटल्याचा आवाज आला. मावशीला वाटलं, संपलं, आता हा दोन मिनिटांवर जाणार.

"मला तरी दुसरं काय विचारायचं ते कुठं सुचत होतं?" तो म्हणाला. "तीन वर्षं अमोनिया विचारतोय मी तुला. नायट्रेटनं मला काय फरक पडतो, मावशी?"

"तुला पडत नाही?"

"थोडा पडतो."

ती हसली, आणि हसता हसता पदर तोंडाशी धरला.

"परवा येतो," तो म्हणाला. "मासे नेईन किंवा नाही नेणार, ते तिथं आल्यावर ठरवू." मग तो थांबला. काहीतरी विचारायचं होतं आणि त्याला सवय नव्हती, हे तिला फोनमधूनही कळलं.

"तू कशी आहेस?"

अमोनिया, नायट्रेट, पीएच, सगळ्याची उत्तरं मावशीकडे नेहमी तयार असायची. हा प्रश्न कुणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं नळी टेबलावर ठेवली, ओले हात साडीला पुसले आणि खुर्चीवर बसली.

"बरी नाही रे," ती म्हणाली. "तुझी फार आठवण येते."