थेंबभर तेल

मित्रांनो, माझं नाव ऐकून मागे सरकू नका. मी एक जुनं पिस्तूल आहे, पण माझ्या नळीतून सुटलेल्या गोळीने आजवर फक्त कागद फोडला आहे. मी नेमबाजीच्या स्पर्धेतलं पिस्तूल. पांढऱ्या कागदावर छापलेलं काळं वर्तुळ, एवढंच माझं जग.

मला अर्धस्वयंचलित म्हणतात. म्हणजे काय, ते सांगतो. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने माझा वरचा भाग मागे सरकतो. त्याला स्लाइड म्हणतात. मागे जाताना ती रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत बसवते. तुमच्या डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होऊन जातं. धातूवर धातू घासतो, म्हणून मला तेल लागतं. माझ्या आयुष्यात जे बरंवाईट घडलं, ते या तेलापायीच घडलं.

माझा जन्म परदेशातल्या एका थंड गावात झाला. तिथून मी हैदराबादला आलो, तो बरकतपुऱ्यात हिम्मतरावांच्या घरी. हिम्मतराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि राज्याच्या संघातून नेमबाजी करायचे. त्यांच्या हातात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि पत्नीला म्हणाले, "शांता, याला इथला उन्हाळा सोसायला शिकवावं लागणार."

तो मला सहज सोसला नाही. सुरुवातीला त्यांनी शांताबाईंच्या शिलाई मशीनचं तेल घातलं. ते इतकं पातळ होतं की मे महिन्यात दोन दिवसांत ओघळून जाई आणि स्लाइड सरकते त्या माझ्या खाचा कोरड्या पडत. मग अंबरपेठच्या एका मित्राने गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस सुचवलं. माझं काडतूस अगदी लहान, त्याचा धक्काही लहान. त्या जाड ग्रीसमध्ये स्लाइड अर्ध्यावरच अडकायची. खोबरेल घालून पाहिलं, ते महिन्याभरात चिकट झालं. शेवटी पिस्तुलासाठीच बनवलेलं एक मध्यम तेल त्यांना सापडलं आणि माझी तब्येत सुधारली. ते दोन्ही खाचांना एकेक थेंब लावत, बोटाने पसरत आणि वरून कोरडं फडकं फिरवत. नळीत, काडतूस बसतं त्या जागी, काडतुसावर आपटणाऱ्या टोचणीच्या भोकात तेलाचा अंशही जाऊ देत नसत. "तेल डोळ्याला दिसलं, तर समज जास्त झालं," असं ते आपल्या मुलीला शिकवत. मुलीचं नाव सुजाता.

पुढे हिम्मतरावांचा हात कापू लागला. तेव्हा त्यांनी मला रीतसर सुजाताच्या लायसन्सवर चढवलं. सुजाता हिमायतनगरच्या एका कॉलेजात शिकवायची आणि वडिलांसारखीच मन लावून नेम धरायची. रविवारी सकाळी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर जायचो. घरी आल्यावर व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बापलेक मला साफ करायला बसत. नळी सुजाता पुसायची, तेल मात्र हिम्मतराव घालायचे. तिला ते येत नव्हतं असं नाही. पण दोघंही कमी बोलणारी माणसं होती, आणि माझ्या निमित्ताने त्यांचं चार शब्द बोलणं होई. मित्रांनो, ते माझे फार सुखाचे दिवस होते.

मग एका रविवारी एक लहानशी गोष्ट घडली. हिम्मतरावांनी तेल घातलं, पुसलं, बाटलीचं बूच लावलं. शांताबाईंनी चहा आणला. चहा संपल्यावर त्यांनी पुन्हा बूच उघडलं.

"बाबा, झालंय की आत्ताच," सुजाता म्हणाली.

"हौ का?" ते हसले. "बघ, बोलण्याच्या नादात राहून गेलं."

सुजाताही हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण तेव्हा कुणीच काही बोलत नव्हतं.

त्यानंतर सुजाता कॉलेजला गेली की दुपारी ते माझी पेटी उघडू लागले. किल्ली कपाटाच्या खणात असे आणि ती त्यांना ठाऊक होती. ते मला मांडीवर घेत, तेल घालत आणि पेटीत ठेवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काल घातल्याचं त्यांना आठवत नसे. तेल खाचांतून वाहून टोचणीच्या भोकात शिरलं, मॅगझिनमध्ये साचलं. मुठीचं लाकूड काळवंडलं. बारुदाची काजळी त्या तेलात मिसळून माझ्या पोटात काळा चिखल झाला. सुजाता फक्त नळी पुसायची, तिला हे दिसत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. माया करणाऱ्या हाताखालीच मी गुदमरत होतो.

राज्य संघाची निवड चाचणी आली. सुजाताने वर्षभर तिची तयारी केली होती. पहिली फेरी तिने उत्तम मारली. दुसऱ्या फेरीत लक्ष्य तीन सेकंदांपुरतंच समोर वळतं. लक्ष्य वळलं, सुजाताने ट्रिगर दाबला आणि माझी टोचणी चिखलात अडकून काडतुसाला नुसती टेकली. गोळी सुटली नाही. नियमाप्रमाणे तिला पुन्हा मारायची एकदा संधी मिळाली. मग स्लाइड अर्ध्यावर थांबली. पुन्हा संधी नव्हती.

आमच्या रेंजचे प्रशिक्षक श्रीनिवास सर तेलुगू. तिच्याशी ते हैदराबादी हिंदीत बोलत. त्यांनी मला टेबलावर उघडलं आणि बोटाला लागलेलं तेल नाकाशी नेलं.

"मॅडम, ये कौनसा तेल डाले आप? गन का तेल नहीं है ये."

सुजाताने वास घेतला आणि ती खुर्चीत बसली. तो वास तिने लहानपणी रोज, शाळेत जाण्याआधी वेणी घालून घेताना, घेतला होता. ते तिच्या आईचं केसांना लावायचं माक्याचं तेल होतं.

घरी आल्यावर तिने मला व्हरांड्यातल्या वर्तमानपत्रावर ठेवलं. "बाबा, याच्यात कोणतं तेल घातलंत?"

"नेहमीचंच. का?"

"हे आईचं केसांचं तेल आहे. माझी निवड गेली, बाबा."

हिम्मतराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शांताबाईंकडे पाहिलं, एखादं उत्तर विसरलेला मुलगा शेजारच्याकडे पाहतो तसं.

"मीच दिली असेल ती बाटली," शांताबाई घाईने म्हणाल्या. "चश्मा नव्हता डोळ्यावर."

हिम्मतराव उठून आत गेले. सुजाता आईजवळ सरकली. "आई, खरं सांग."

शांताबाईंनी पदराने माझ्या मुठीवरचं तेल पुसलं. "बरेच महिने झाले, विसरतात ते. परवा काचीगुड्याहून येताना गल्ली सापडली नाही. एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. मला म्हणाले, सुजाताला सांगू नकोस, उगाच परेशान होईल."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"कसं सांगू? बाकी सगळीकडे चुकतात. पण याला हातात घेऊन बसले की चेहरा अगदी पूर्वीसारखा होतो. तेवढं एक राहू दे गं त्यांच्याकडे."

सुजाताने मला उचललं. तिने मला धुतलं, पुसलं, नवं तेल आणून स्वतःजवळ ठेवलं. हेअर ऑइलची बाटली आतल्या कपाटात गेली. किल्ली मात्र त्याच खणात राहिली. ती हलवायचं तिच्या मनात येत असे, हात खणापर्यंत जाई आणि परत येई.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला अजून भीती वाटते.

एका दुपारी हिम्मतरावांनी पेटी उघडली. तेल सापडेना म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून गोडंतेल आणलं आणि ते माझ्या सगळ्या सांध्यांत घातलं. असं ते त्या आठवड्यात रोजच करत होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी काडतुसांचा डबाही उघडला. मॅगझिन भरलं, आत सरकवलं, स्लाइड ओढली. जुन्या सवयीने त्यांचे हात भराभर चालत होते. मग व्हरांड्यात उभं राहून त्यांनी मला समोर धरलं. समोर फाटक होतं आणि फाटकापलीकडे रस्ता. शाळा सुटायची वेळ होती. ते पंचाच्या आवाजाची वाट पाहत होते.

शांताबाई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्या नवऱ्याबरोबर कितीतरी स्पर्धांना जाऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. पंच काय म्हणतो ते त्यांना पाठ होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मोठ्या, सपाट आवाजात म्हटलं, "स्टॉप. अनलोड."

हिम्मतरावांनी लगेच माझं तोंड जमिनीकडे केलं. बोट ट्रिगरवर नव्हतंच, ते बाजूला सरळ होतं. मॅगझिन काढलं. स्लाइड मागे ओढून सोडली. मला वर्तमानपत्रावर ठेवून ते एक पाऊल मागे झाले आणि म्हणाले, "क्लिअर."

"बसा आता," शांताबाई म्हणाल्या. त्यांनी कप उचलून पुढे केला. "अहो, चहा घ्या." त्यांनी मॅगझिन कमरेला खोचलं आणि सुजाताला फोन केला. "घाबरू नकोस. मी रिकामं करून घेतलंय."

पण मी रिकामा नव्हतो. काडतूस बाहेर खेचणारी माझी नखाएवढी आकडी त्या चिकट तेलात रुतून बसली होती. स्लाइड मागे गेली तेव्हा ती काडतुसावरून घसरली. जिवंत काडतूस माझ्या नळीतच राहिलं होतं. हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि हिम्मतराव माझ्यापासून हातभर अंतरावर बसून चहा पीत होते. एकदा त्यांनी हात पुढे केला. शांताबाईंनी तो हात धरला आणि सुजाता येईपर्यंत सोडला नाही.

सुजाता आली. तिने आईचं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. नेमबाज कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. माझं तोंड बागेतल्या मातीकडे धरून तिने स्लाइड मागे ओढली आणि आत वाकून पाहिलं. आत पितळ चमकलं.

"आई, बाबांना आत घेऊन जा," ती म्हणाली. 

तिने श्रीनिवास सरांना बोलावलं. त्यांनी ते काडतूस सांभाळून काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. ते काडतूस तिच्या करंगळीच्या पेराएवढंच होतं. ते मुठीत धरून ती पायरीवर बसून रडली.

त्याच संध्याकाळी कागदपत्रं करून मला रेंजवरच्या तिजोरीत ठेवायचं ठरलं. सुजाता पेटी घेऊन निघाली तेव्हा हिम्मतराव फाटकापाशी उभे होते.

"कुठं नेतेस?"

"रेंजवर, बाबा. आता ते तिथंच राहील."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. घरात ठेवणं बरं नाही, एवढंच."

त्यांनी पेटीवर हात ठेवला. "मग रविवारी मी काय करू?"

 सुजाताने पेटी गाडीत ठेवली, परत आली, त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं आणि गेली.

रेंजवर मी स्वच्छ आहे. सुजाताने माझ्यासाठी आता स्वतः तेल निवडलं आहे, हिम्मतरावांच्या तेलापेक्षा किंचित जाड. इथल्या उकाड्यात ते खाचांतून हलत नाही. मी अडकत नाही. तरीही रविवारी मला पुसताना तिचे हात कधी कधी मध्येच थांबतात.

परवा ती वडिलांना घेऊन रेंजवर आली. हिम्मतराव खूप वाळले आहेत. तिने माझं मॅगझिन काढलं, आत पाहिलं, बोट घालून पाहिलं, सरांनाही दाखवलं आणि मग स्लाइड उघडी ठेवून मला टेबलावर त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी माझ्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि तो उजेडात धरला. अंगठ्यावर काही दिसत नव्हतं.

"तुमचं आहे का हे?" त्यांनी विचारलं.

आपल्या मुलीला ते 'तुम्ही' म्हणत होते. सुजाता म्हणाली, "हो. माझंच."

"छान ठेवलंय. तेल जरा जाड वाटतं. उन्हाळ्यात ठीक आहे. पण डिसेंबरात उत्तरेकडे स्पर्धेला गेलात, तर थंडीत हे आवळून बसेल. हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझ्या बाबांनी."

"मग थंडीत काय घालायचं, ते त्यांनाच विचारून घ्या. त्यांना ठाऊक असेल."

"विचारते," सुजाता म्हणाली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "तोवर तुम्हीच सांगा ना."

हिम्मतराव सांगू लागले. थंडीत पातळ तेल, तेही जेमतेम, आणि आधी जुनं सगळं पुसून काढायचं. शब्द अडखळत होते, पण एकही चुकला नाही. ती शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली, तर तिला हात लावू नका. ती रिकामी आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी लावू नका. धावत जाऊन मोठ्या माणसाला बोलवा. आणि तुमच्या घरात कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत असेल, बाटलीचं बूच पुन्हा पुन्हा उघडत असेल, तर नुसतं हसून सोडून देऊ नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांना जे येतं, ते त्यांना विचारा. त्यांना आठवतंय, तोवर विचारा.