बेटावर करण्यासारख्या दहा गोष्टी

मथुराबाईला बेट हा शब्द ठाऊक नव्हता तेव्हापासून ते बेट तिच्या नावावर होतं. नळदुर्गाच्या अलीकडं साठवण तलाव झाला, तिचं काळंभोर रान त्यात गेलं आणि मधली टेकडी तेवढी पाण्याबाहेर उरली. एकरभर जमीन, दोन कडुलिंब, एक चिंच. लोक म्हणाले, आता तिकडं कशाला कडमडायचं. मथुराबाई ऐकणाऱ्यातली नव्हतीच. तिच्या दिरानं, बब्रुवानानं, गुऱ्हाळातली जुनी काहील आणून पाण्यात सोडली, आणि गूळ शिजवायच्या त्या भल्यामोठ्या लोखंडी कढईत बसून ही बाई रोज शेताला जायला लागली.

तिचा एकुलता एक मुलगा रणधीर हैदराबादला एका हॉटेलवाल्याकडं मॅनेजर होता. यंदा दिवाळीला आला तो डोक्यात बेट घेऊनच. सोलापूरपासून तासाभरावर असं ठिकाण शोधून सापडायचं नाही, आमचे शेठ तीस वर्षांच्या करारानं घ्यायला तयार आहेत, असं म्हणत त्यानं आईला एक छापील कागद वाचून दाखवला. बेटावर करण्यासारख्या दहा गोष्टी. सूर्योदय बघणे, सूर्यास्त बघणे, होडीत बसणे, पक्षी बघणे, डोळे मिटून ध्यान करणे, असं करत करत दहावी गोष्ट होती, काहीही न करणे. शहरातली माणसं म्हणे शांततेसाठी आणि ह्या दहाव्या गोष्टीसाठी कुठंही जायला तयार असतात. मथुराबाईला हसू आवरेना. त्या टेकडीवर काहीही न करता ती एक दिवससुद्धा बसली नव्हती.

पण सही तिची लागणार होती, आणि ती तिला द्यायची नव्हती. तोंडावर नाही म्हणायचीही चोरी. पोरगं वर्षातून दोनदा घरी येतं, नाही म्हटलं तर एकदाच यायचं, ही भीती तिला आतून खात होती. मग तिनं तोड काढली.

"तुझ्या शेठला एकदा बघू दे," ती म्हणाली. "त्यांच्या मनात भरलं तर म्या सही करते. न्हाय भरलं तर तू पुन्यांदा कागद काढायचा न्हायस."

रणधीरला हे पटलं. शेठला शांतता दाखवायची होती, म्हणून कोणत्या दिवशी आणू असं त्यानं विचारलं. मथुराबाईनं बोटांवर मार्गशीर्षातली अमावस्या मोजली आणि तिची नुसती तारीख सांगितली. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, दुकानं बंद, रस्ता मोकळा, असंही वर सांगितलं. यातला शब्दन्‌शब्द खरा होता. गावातली चिटपाखरं त्या दिवशी जातात कुठं, एवढं मात्र तिनं सांगितलं नाही.

जातात शेतात. कारण ती अमावस्या म्हणजे येळवस. त्या दिवशी सगळा मुलूख घराला कुलूप लावून रानात जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि मग आंबील, हिरव्या दाण्यांची नि पाल्याची भज्जी नि बाजरीच्या उंड्यांवर ताव मारायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, परत कुणालाही पाठवायचं नाही. रणधीरला नऊ वर्षांत येळवशीला रजा मिळाली नव्हती, आणि त्याच्या मोबाइलमधल्या सुट्ट्यांत येळवस कुठून असणार. त्यानं तारीख लिहून घेतली.

इकडं मथुराबाई घरोघर फिरली. पूजा आपापल्या रानात करा, जेवण औंदा माझ्या बेटावर, असं तिनं झाडून सगळ्यांना सांगितलं. मासे धरणाऱ्यांच्या तीन होड्या मागून घेतल्या. कशासाठी हे फक्त बब्रुवानाला माहीत होतं, आणि तो महिनाभर मिशीतल्या मिशीत हसत होता.

ठरल्या दिवशी नरसिंगराव शेठ पांढरेशुभ्र बूट घालून काठावर उतरले. सगळ्या होड्या नेमक्या गुंतलेल्या, म्हणून त्यांना काहिलीत बसवलं. काहील सरळ जात नाही, ती गरगर फिरत जाते. बब्रुवानानं त्या दिवशी ती जरा जास्तच फिरवली. बेटावर उतरले तेव्हा समोर दीडशे माणूस, चार चुली, चिंचेला झोका आणि बायकांचा गलका. पक्षी केव्हाच पलीकडच्या काठाला निघून गेले होते. रणधीरचं तोंड एवढंसं झालं.

"आई, आज येळवस हाय?"

"व्हय की. तुला ठावं नव्हतं?" मथुराबाईनं एवढ्या भाबडेपणानं विचारलं की बब्रुवानाला खोकला आला.

शेठना पंगतीत बसवलं. शेजारच्या द्वारकाबाईनं त्यांच्यापुढं आंबिलीचा तांब्या ठेवला. लसणाची फोडणी दिलेली, ताकातली, आदल्या रात्रीपासून मुरलेली आंबील. आता हा माणूस नाक मुरडणार म्हणून मथुराबाई चुलीआडून बघत बसली. शेठनी एक घोट घेतला, थांबले, आणि तांब्या रिकामा केला. मग दुसरा. भज्जी तीनदा मागून घेतली. उंडा कसा कुस्करायचा ते शेजारच्या म्हाताऱ्याकडून शिकून घेतलं. जेवण झाल्यावर बूट काढून झोक्यावर चढले, आणि उतरले ते थेट चिंचेखाली आडवे झाले. आंबिलीची गुंगी ती, भल्याभल्यांना सोडत नाही. यादीतली दहावी गोष्ट शेठ घोरत घोरत करत होते.

मथुराबाई चुलीआडून उठली. आपण आपल्याच हातानं सही वाढून ठेवली, हे तिला कळून चुकलं. शब्द दिला होता, आता फिरवायचा कसा? तिनं रणधीरला शोधलं, तर तो कोपीत एकटाच पांडवांपुढं बसलेला. तळ्याचं पाणी चढू लागलं तेव्हा खालच्या रानातले हे पाचही दगड त्यानंच शाळेच्या वयात डोक्यावर घेऊन टेकडीवर आणले होते, एका खेपेला एक. पाचवा हातातून निसटून त्याचा टवका उडाला होता, आणि दगडाला लागलं म्हणून पोरगं रडलं होतं. आता तो बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना चुना लागलेला होता.

दुपार कलल्यावर शेठ उठले. रणधीर त्यांना लिंबाकडं घेऊन गेला आणि दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं. मथुराबाई दुरून बघत होती. शेठ काठाकडं हात करून फाटक कुठं बसवायचं ते दाखवत होते, एवढं तिला कळलं. पदरानं तोंड पुसून ती सही करायच्या तयारीला लागली.

शेठ निघताना तिच्यापाशी आले आणि त्यांनी हात जोडले.

"अम्मा, जगा बहुत अच्छी है, खाना भी बहुत अच्छा. मेरे कू सब पसंद आया. फिर आप सही कू नक्को कायकू बोले?"

तिला तर अजून कुणी विचारलंच नव्हतं. मथुराबाईनं रणधीरकडं पाहिलं. तो खाली मान घालून काहिलीचा दोर सोडत होता, आणि ती गाठ काही केल्या त्याला सुटत नव्हती. क्षणात तिला सगळा उलगडा झाला. पण तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"बुढ्ढी का मन, साहब," ती म्हणाली. "अगले साल खाने कू आव." आणि तिनं आंबिलीची बाटली त्यांच्या हातात दिली.

बब्रुवान शेठना घेऊन गेला. रणधीर मागं राहिला, आईजवळ येऊन बसला.

"शेठला न्हाय आवडलं, आई. गर्दी लई हाय म्हणले."

"अरेरे," मथुराबाई म्हणाली. "माझंच चुकलं बघ. दुसरा दिवस सांगायला पायजे होता."

"व्हय," रणधीर तेवढ्याच सरळ तोंडानं म्हणाला. "आता कागद काढायचा न्हाय. ठरलं होतं तसं."

पोरगं अगदी आपल्यावरच गेलंय, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. तिनं त्याच्या ताटात सगळ्यात मोठा उंडा ठेवला आणि तांब्याभर आंबील ओतली. त्यानं उंडा भज्जीत कुस्करला. मग पुढच्या साली येळवस कोणत्या तारखेला येते, असं त्यानं हळूच विचारलं.

"तारीख कशाला पायजे?" मथुराबाई म्हणाली. "गावात चिटपाखरू दिसलं न्हाय की समजायचं."