माझी गिऱ्हाइकं बुंध्याने पळवली

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण जेवणाच्या टेबलाभोवतीच्या त्या काडीपैलवान खुर्च्यांच्या रांगेत मला बसवू नका हं! मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची. ओतीव लोखंडाचा पाय, त्यावर गोल फिरणारी बैठक, मान टेकायला गादी, पाय ठेवायला पट्टी. दुकानात आले त्या दिवशी मला उचलायला चार माणसं लागली होती, आणि वजन अजून तेवढंच आहे.

एकतीस वर्षं मी तात्यांच्या दुकानात काढली. शाळामास्तर, बसचे कंडक्टर, लग्नाला निघालेले नवरदेव, सगळे माझ्याच मांडीवर बसून माणसात आले. तात्या रोज पहिल्या गिऱ्हाइकाआधी ओल्या फडक्याने मला पुसायचे. ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. दुकान बंद केलं तेव्हा आरसे विकले, बाकडी विकली, मला मात्र घरी आणून पडवीत भिंतीशी उभं केलं. "चार जुने लोक येतात अजून, तेवढाच वेळ जाईल," म्हणाले. मी अशी काही फुगले की काय सांगू!

पुढे अंगणातलं तुतीचं झाड तोडलं. त्याच्या मुळांनी पाण्याचा पाइप फोडला होता. झाड गेलं आणि अंगणाच्या मधोमध गुडघाभर उंचीचा बुंधा तेवढा राहिला. आठवड्याभरात तात्यांनी माझी चारही गिऱ्हाइकं उठवली आणि त्या बुंध्यावर नेऊन बसवली.

आता तुम्हीच सांगा, राग येणार नाही? त्याला ना पाठ, ना हात, ना गादी. बसणाऱ्याच्या विजारीला साल चिकटायची. तरी तात्या भर उन्हात त्याच्याभोवती फिरून कात्री चालवायचे, शीळ घालायचे. आणि माझ्यावर काय? सुनेने वाळलेले कपडे टाकायला सुरुवात केली. ज्या गादीवर नवरदेव बसले, तिच्यावर उशांचे अभ्रे!

मी जळत होते, उगाच खोटं कशाला बोलू? तात्या पडवीतून जाताना माझ्या हातावर हात ठेवून जायचे, पण डोळे समोर, अंगणाकडे. एकदा कात्री माझ्याच गादीवर होती, अगदी डोळ्यांपुढे, तरी ते मला वरपासून खालपर्यंत चाचपत बसले. माझ्याकडे धड एकदा बघायचीसुद्धा इच्छा उरली नाही यांना, असं मला वाटलं. त्या थोटक्याने जादूच केली होती म्हणायची.

माझ्या बाजूने घरात एकच माणूस होतं, तात्यांचा मुलगा. तो फ्रिज दुरुस्त करतो. त्याचा टेम्पो अंगणात घ्यायचा तर बुंधा आडवा यायचा.

"बाबा, हा काढायचा आता. टेम्पो रस्त्यावर ठेवावा लागतो, काल कुणीतरी त्याचा आरसा तोडून गेलं."

"राहू दे रे. कुणाचं काय खातोय तो?"

"माझी जागा खातोय!"

माझीही, मी मनात म्हटलं.

मुलाने बुंध्याला भोकं पाडली आणि त्यांत खडेमीठ ठासून भरलं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की अशाने बुंधा मरतो आणि कुजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या बादली घेऊन आले आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत त्यांनी बुंधा खसाखसा घासून धुतला. मीठ वाहून गेलं. मुलाने पुन्हा भरलं, तात्यांनी पुन्हा धुतलं. असं तीनदा झालं. मरायचं राहिलं बाजूला, बुंध्याला हिरवेगार कोंब फुटले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला आयुष्यभर ओलं फडकं, आणि त्याला रोज बादलीभर पाणी?

"मुद्दाम करता ना तुम्ही?" मुलगा चिडला. "मीठ का धुता?"

"कसलं मीठ?" तात्या म्हणाले.

झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार, असं पुटपुटत मुलगा आत गेला. मलाही ते सोंगच वाटलं.

शेवटी एका रविवारी त्याने दोन मजूर आणले. त्यांनी चारही बाजूंनी खणलं, मुळं कुऱ्हाडीने तोडली, बुंध्याला साखळी बांधली आणि तिचं दुसरं टोक टेम्पोला अडकवलं. तिसऱ्या हिसक्याला तो उपटून आला. तात्या दारात उभे होते. मी मात्र अशी खूश झाले की विचारू नका. आता जातील कुठे? येतील माझ्याकडेच!

आणि आले की. दुसऱ्याच सकाळी त्यांनी माझ्यावरचे कपडे उचलले, मला पुसलं आणि पोस्टमनना बसवलं. हे पोस्टमन निवृत्त झालेले, तात्यांचे लहानपणापासूनचे मित्र.

"जपून रे तात्या, कान मला दोनच आहेत."

"तुला एकही जास्तच होतो. ऐकतोस कुणाचं?"

दोघे हसले. मीही सुखावले. तेवढ्यात पोस्टमन कळवळले, "आई गं!"

"हललास तू," तात्या म्हणाले आणि कात्री चालवतच राहिले. कानामागून रक्त निघालं, मानेवरून पांढऱ्या कापडावर उतरलं. तात्या त्या कापडावरचे केस झटकत होते, रक्तावरूनच हात फिरवत होते. सून चहा घेऊन बाहेर आली आणि ओरडली, "बाबा, थांबा! रक्त येतंय!"

"कुठे?" तात्यांनी विचारलं.

रक्त त्यांच्या बोटांना लागलेलं होतं. सुनेने चहा खाली ठेवला, पुढे आली आणि आपली तीन बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "बाबा, किती आहेत?"

तात्या कसंनुसं हसले. "उन्हात चल, सांगतो."

मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्या लोखंडी डोक्यात उजेड पडला. पडवीत अंधार असतो. अंगणात ऊन होतं, म्हणून ते बुंध्याकडे गेले होते. मीठ त्यांना खरोखरच दिसलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत नाहीत म्हणून मी जळत राहिले, आणि मी त्यांना दिसतच नव्हते.

"सांगितलं का नाहीत?" मुलाने विचारलं.

"सांगितलं असतं तर कात्री काढून घेतली असतीत," तात्या म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्यावर मुलगा माझ्यावरच बसला, पायातले बूटही न काढता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. डाव्याची नजर आतल्या दाबाने गेली होती, ती परत येणार नव्हती. वर्षभर आधी का नाही आणलंत, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. "वर्षभर मी त्या बुंध्याच्याच मागे होतो गं," तो बायकोला म्हणाला. मी तर कुणाला तेवढंही सांगू शकले नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलाने मला अंगणात उन्हात पक्कं बसवून दिलं. टेम्पो अजून रस्त्यावरच असतो. तात्या आता गिऱ्हाइकाभोवती फिरत नाहीत, मलाच हळूहळू उजव्या डोळ्याकडे वळवून घेतात. गिऱ्हाइकं मिळाली, ओलं फडकं मिळालं, मला हवं होतं ते सगळं मिळालं. पण त्यांचा डावा डोळा गेला तो गेलाच.

मला तोंड नाही, म्हणून मी रुसून बसले. तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. घरातलं म्हातारं माणूस तुमच्याकडे बघेनासं झालं, तर गाल फुगवून बसू नका. उठा, त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि विचारा, "मी दिसतोय का तुम्हाला?"