दारातून फेकलेली कलेजी

मटणाच्या दुकानात मावशींचा अंगठा फिरल्याशिवाय काही विकलं जात नसे. बकरा सोलला, की कलेजी त्या स्वतः दाबून बघत. पाण्याचा फोड हाताला लागला, की ती कलेजी थेट दाराबाहेर, कुत्र्यापुढे. "माझ्या गिऱ्हाइकाच्या पोटात घाण जायची नाही!" हे समोरच्या मटणवाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं. कुत्र्याला सगळी गल्ली वस्ताद म्हणायची. खाऊन खाऊन तो नवरदेवासारखा तुकतुकीत झाला होता, नि पोरं त्याच्या गळ्यात पडून लोळायची.

अशा मावशींच्या सुनेचं पोट दुखायला लागलं, आणि डॉक्टरीणबाईंना तिच्या यकृतात फोड सापडला.

"पाण्याचा?" मावशींनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

मावशींनी आपला अंगठा पदराला पुसला.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बकऱ्याच्या कलेजीतला तो फोड कुत्र्यानं कच्चा खाल्ला, की त्याच्या आतड्यात बारीक जंत वाढतात. जंतांची अंडी विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात. कुत्र्याला कुरवाळलेला हात तसाच तोंडाकडे गेला, की माणसाच्या पोटात फोड धरतो. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

"घरी कुत्रा आहे?"

"घरात नाही," मावशी हळूच म्हणाल्या. "दारात."

ऑपरेशन ठरलं. बाहेर बाकावर लेक फणफणला, "वस्तादला आजच लांब सोडून येतो."

"म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांना रोग वाटायला? शहाणाच आहेस! त्याला जंताचं औषध द्यायचं. त्याला कलेजी कुणी घातली, त्यानं मागितली होती?"

"हळू बोल, आई. रोग मटणातून लागत नाही, हे ऐकायला कोण थांबणार? दुकानाला कुलूप लागेल. समोरचा टपूनच बसलाय."

लेकाचं खोटं नव्हतं. दुकान म्हणजे मावशींचं नाव होतं. नवऱ्याच्या मागं एकटीनं कमावलेलं.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या गल्ल्यावर बसल्या. गिऱ्हाइकं सुनेची चौकशी करत होती. "पोटाचं आहे काहीतरी," लेक सुरा चालवत सांगत होता. बाहेर शेजारच्या शिंपिणीची धाकटी पोर पायरीवर बसली होती. बिस्किटाचा एक तुकडा वस्तादच्या तोंडात, एक स्वतःच्या. मधूनच तिनं त्याच्या मानेत नाक खुपसलं.

मावशी उठल्या.

"आई," लेक दबक्या आवाजात म्हणाला.

"तू तुझं काप."

त्या दारात उभ्या राहिल्या. "अगं शिंपिणी, पोरीला उचल. आधी साबणानं हात धू तिचे. आणि समोरच्या, तूही ये. लांबून कान लावतोस, त्यापेक्षा जवळ येऊन ऐक. फोडाची कलेजी तूही इथंच टाकतोस."

मग त्यांनी सगळं सांगितलं, कलेजी फेकणाऱ्या स्वतःच्या हातासकट. एका बाईनं हातातली मटणाची पिशवी गल्ल्यावर ठेवली नि ती निघून गेली. तिच्यामागून दुसरी. समोरचा हसायला आला होता. ऐकता ऐकता त्यानं आपल्या पोराला हात धुवायला हाक मारली.

शिंपिणीनं पोरीला छातीशी धरलं. "मावशी, काय केलंत हो हे?"

"केलं खरं. चल, पोरीचं पोट तपासून आणू. मी येते बरोबर," मावशी पायात चपला सरकवत म्हणाल्या. "शिव्या वाटेत घाल."