देवठाणची बारस

“आरं ब्रेक दाब, ब्रेक! म्होरं कुपाटी हाय!”

नाथाजीची आरोळी खिंडीत घुमली आणि सयाजीने दोन्ही मुठी आवळल्या. सायकल करकरत, खडे उडवत, अर्धी आडवी होऊन थांबली. कॅरियरवर घोंगड्यात गुंडाळलेला पखवाज कलला, तसा सयाजीने आधी त्याला हात दिला आणि मग स्वतःला सावरले. मागून इलाही आला तो दोन्ही पाय जमिनीला घाशीत. चिंचेवाडीत सायकलींचे दुकान त्याचेच होते, पण त्याच्या स्वतःच्या सायकलीला ब्रेक कुणी कधी पाहिला नव्हता.

वाटेत आडवी बाभळीची कुपाटी टाकलेली. तिच्याशेजारी खांब, खांबावर पाटी, पाटीवरचा रंग अजून ओला. ‘या वाटेने सायकल चालविण्यास सक्त मनाई आहे.’

“आता गं!” नाथाजी म्हणाला. “आज एकादस. देव तिकडं ताटकळला असंल.”

डोंगराच्या अलीकडे, रहिमतपूरच्या अंगाला चिंचेवाडी आणि पलीकडे देवठाण. देवठाणच्या विठ्ठलाच्या देवळात दर एकादशीला दिवेलागणीला कीर्तन असे, आणि त्या कीर्तनाची साथ वर्षानुवर्षे चिंचेवाडीची. सयाजीचा पखवाज, नाथाजीचे टाळ आणि इलाहीची पेटी. सयाजी हायस्कुलात शिपाई. संध्याकाळी शाळा सुटल्याची घंटा दिली की तो पखवाज कॅरियरला बांधून निघे. सडकेने जावे तर डोंगराला मोठा वळसा आणि त्या वेळेला एस्.टी. नाही. खिंडीची वाट मात्र जवळची. चढाला सायकल ढकलायची, आणि माथ्यावर आले की मग काय विचारता! वारा कानात शिरायचा, धोतराचे सोगे उडायचे, तिघेही बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे ओरडत खाली जायचे. पायथ्याशी आल्यावर टोप्या नीट करून, चेहरे गंभीर करून देवळात शिरायचे. कीर्तनकार बुवांना ते ठाऊक होते. “उताराचं हसू अजून मिशीत अडकलंय तुमच्या, पुसा,” असे ते म्हणत.

करवंदीच्या जाळीमागून खाकी कपड्यातला लालासाहेब पुढे आला. देवठाणचाच पोरगा, नुकताच फॉरेस्ट गार्ड झालेला.

“काय रं लाला, ही काय नवी कळा?” नाथाजीने विचारले.

“सायबाचा हुकूम हाय, तात्या. आवं, तुमच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीतनं पावसाचं पानी पळतंय. वाट ऱ्हायली न्हाई ती, पान्याची वगळ झालीया. औंदाची रोपं मुळासकट खाली वाहून गेली.”

“आमी काय सायकलीनं नांगरट केली व्हय डोंगराची?”

“तुमी एकलं न्हवं. तुमचं बघून समदी येत्यात. दूधवालं, बाजारकरी, पैजा लावून उतरनारी पोरं.”

सयाजीच्या डोळ्यांपुढे वाट नव्हती. देवळाची पायरी होती, आणि त्या पायरीवर कणकेचा वाडगा घेऊन बसलेली त्याची लेक.

बनूला देवठाणात दिल्याला तीन वर्षे झाली होती. पाठवणीच्या वेळी चंद्राबाईने, सयाजीच्या बायकोने, नवऱ्याला बजावले होते, “नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर लेकीच्या घरचं पानी प्यायचं न्हाई. आपल्यात तशी रीत हाय.” पुढच्याच वर्षी चंद्राबाई गेली. रीत मागे राहिली. नातवंड काही अजून आले नव्हते. घरी जाऊन पाणीसुद्धा नको म्हणायचे, म्हणजे व्याह्यांना अवघड आणि लेकीला त्याहून अवघड. म्हणून सयाजी घरी जातच नसे. कीर्तनाच्या निमित्ताने देवळात भेट व्हायची तेवढीच.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापल्याशिवाय तो बोलत नाही. ती कणीक बनू घरून मळून आणायची. बापाला वाडगा द्यायची, “आबा, बरं हाय न्हवं?” म्हणायची आणि बायकांत जाऊन बसायची. नाथाजी दर खेपेला चिडवायचा, “सयाजी, तुज्यापरीस तुजा पखवाज नशीबवान. लेकीच्या घरचं खातोय बेटा, आन तू उपाशी!”

“तात्या,” इलाही पाटीकडे बघत हळूच म्हणाला, “हितं काय लिवलंय बगा. ‘चालविण्यास’ मनाई. उचलून न्हेन्यास कुटं हाय?”

नाथाजीने पाटी पुन्हा वाचली. त्याचा चेहरा उजळला. “लाला, सरकारी लिखान हाय हे. त्यात कानामात्रा इकडचा तिकडं करायचा न्हाई आपून.” आणि बघता बघता त्याने आपली सायकल खांद्यावर घेतली.

लालासाहेबाने हात जोडले, मग डोक्याला लावले, मग हसू आवरेना म्हणून पाठ फिरवली. कुपाटीच्या कडेने तिघेही खांद्यावर सायकली घेऊन उतरू लागले. इलाहीच्या सायकलीवरची पेटी सारखी सुटायला लागली, तेव्हा लालासाहेबच मागून धावत आला.

“आना ती हिकडं. देवाची पेटी हाय, आपटंल कुटंतरी.”

मनाई करणाराच पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालला.

देवळात पोचले तेव्हा बुवांचे निरूपण सुरू झाले होते. घामाने निथळणारी, खांद्यावर सायकली घेतलेली ती वरात दारात बघून बुवा मध्येच थांबले. सगळे ऐकून घेतले. मग चिपळ्या वाजवून म्हणाले, “ऐकलंत मंडळी? गरुडानं विष्णूला वाहिलं, नंदीनं शंकराला वाहिलं. उंदीर एवढासा, पण त्यानंही गणरायाला वाहिलं. पण वाहनालाच खांद्यावर वाहणारा भक्त पुराणात सापडायचा नाही, तो फक्त चिंचेवाडीत!”

देऊळ हसण्याने भरून गेले. बायकांतून बनूही पदर तोंडाला लावून हसत होती. सयाजीने ते पाहिले आणि त्या रात्री त्याचा हात असा काही पडला की बुवांनी दोनदा मान डोलावली.

पण सरकारलाही वाचता येते. पुढच्या एकादशीला पाटीवर ‘चालविण्यास’ खोडून ‘नेण्यास’ लिहिलेले होते.

“टाक ती कुपाटी दरीत,” नाथाजी चिडला. “सयाजी, धर त्या टोकाला.”

सयाजीने टोक धरले नाही. तो वाकून उताराकडे बघत होता. चाकोरी खरोखरच गुडघाभर खोल गेली होती आणि तिच्या कडेला रोपे आडवी पडली होती, जुन्या झाडांची मुळे उघडी. दुष्काळात याच डोंगरावर त्याने आणि चंद्राबाईने चरी खोदल्या होत्या. पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा रोपांच्या पाट्या डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायकांत परकरातली बनूही होती. एक रोप लावून झाले की ती बापाला त्याच्या पाया पडायला लावी, आईला हसू येई.

“नगं, नाथा,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे. आपुनच लावलेली झाडं हायती ती.”

“मग जायाचं कसं?”

“चालत जायाचं.”

“आन येनार कवा? अंधारात खिंडीत बिबट्या बसलेला असतोय.”

“मग देवळात ऱ्हायचं,” इलाही म्हणाला. “घोंगडी हायती की.”

सयाजी मनात हिशेब करू लागला. राहायचे तर सकाळी बारस आली. एकादशीचा उपास द्वादशीला सोडायचा, तो कुठे? व्याह्यांचे घर देवळासमोर. व्याही बोलवायला येणार. नको म्हटले तर त्यांचा अपमान, हो म्हटले तर चंद्राबाईची रीत मोडायची. आजवर कीर्तन आटोपून सडकेच्या वळशाने सायकलीवर घरी जाता येत होते म्हणून हा पेच कधी पडलाच नव्हता. उताराबरोबर त्याची पळवाटही बंद झाली होती.

“तुमी जावा,” तो म्हणाला. “माजं गुडघं दुखत्यात.” आणि पखवाज घेऊन परत फिरला.

दोन-तीन दिवसांनी शाळेच्या फाटकात लालासाहेब उभा राहिला. घंटेची दोरी हातात घेऊनच सयाजी बाहेर आला.

“मामा, बनूताई त्या दिशी पायरीवर बसली हुती. कणकेचा वाडगा घिऊन. कुनीतरी म्हनलं, पखवाज आला न्हाई. तरी उठली न्हाई. कीर्तन सपलं तवा कणीक वाळून खडंग झालेली. मला म्हनली, आबांस्नी इचार, माजं काय चुकलं का?”

सयाजीने घंटा दिली. वेळ झाली नव्हती, तरी दिली. पोरे ओरडत बाहेर पडली, हेडमास्तर चष्मा सावरत दारात आले, आणि सयाजी म्हणाला, “चुकलं, सायेब. माजंच चुकलं.”

पुढच्या एकादशीला तिघे पायीच निघाले. सायकली लालासाहेबाच्या खोपटाला टेकवून ठेवल्या. पखवाज पाठीवर, पेटी आळीपाळीने डोक्यावर. जाता जाता प्रत्येकाने दोन-दोन दगड उचलून चाकोरीत टाकले. ही नाथाजीची कल्पना. तो म्हणाला, “आपुन केलेली वगळ आपुनच बुजवायची. मंग परत सायकली आनू.” लालासाहेब म्हणाला, “तात्या, ते ऐकलं न्हाई मी.”

इलाही म्हणाला, “मी रोजं बी धरतो आन तुमच्या नादानं एकादस बी. वरती गेल्यावर माज्यासाठी दोन दरवाजं उघडं असनार, बगा.”

“दोन्ही दरवाज्यातली मानसं इचारतील, ब्रेक हाय का?” नाथाजी म्हणाला. चढ कधी संपला ते कळले नाही.

सयाजीने फडक्यात दोन भाकऱ्या आणि कांदा बांधून घेतला होता. आपली बारस आपल्या घरच्या भाकरीवर सोडायची, देवळाच्या विहिरीचे पाणी प्यायचे, म्हणजे कुणाचाच अपमान नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते. कीर्तन रंगले. बनूने वाडगा दिला, बापाने घेतला. “गुडघं कसं हायती?” तिने विचारले. “लय बरं हायती,” तो म्हणाला.

सकाळी काकडआरती झाली. मंडळी विहिरीवर आंघोळी करून आली. सयाजी सभामंडपाच्या खांबाला टेकून बसला आणि त्याने फडके सोडले. रात्रीत भाकरी कडक झाली होती. तेवढ्यात समोरून बनू आली. हातात ताट, वर केळीचे पान झाकलेले. तिने बापापुढचे फडके पाहिले. थांबली. सयाजीचा घास हातातच राहिला.

“बने, रीत हाय गं ती. तुज्या आईनं...”

“मी कुटं तुमास्नी वाडाय आले, आबा?” ती म्हणाली आणि सरळ गाभाऱ्यात गेली. ताट विठ्ठलापुढे ठेवले, पाणी फिरवले, डोळे मिटून हात जोडले. देवाला जेवायला जितका वेळ द्यायचा तितका दिला, उगीच घाई केली नाही. मग ताट उचलून बाहेर आली आणि बापापुढे ठेवले.

“हे आता माज्या घरचं न्हाई. देवाचं हाय. देवाच्या घरचं नगं म्हनायचं आसंल तर त्याला सांगा.”

गरम भाकरी, वालाचे बिरडे, दही, कडेला गुळाचा खडा. सयाजीने गाभाऱ्याकडे बघितले. कमरेवर हात ठेवून उभा असलेला तो काळा देव या प्रकरणात काही बोलेल असे वाटत नव्हते.

“आता म्हन न्हाई,” नाथाजी कुजबुजला. “आमी हावोत साक्षीला.”

सयाजीने फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि ताट ओढून घेतले. पहिला घास तोंडात गेला आणि त्याची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. बिरड्यात मीठ अंमळ जास्त होते. चंद्राबाईचा हातही तसाच होता.

“कसं झालंय?” बनूने विचारले.

“आनखी एक भाकरी हाय का?”

“चार हायती.”

इलाही आणि नाथाजीलाही तिने वाढले. दोघांनी मिळून ताट चाटून पुसून लख्ख केले आणि तुटके टाळ नीट करायचे निमित्त काढून बाहेरच्या ओट्यावर गेले. शाळेची वेळ गाठायची होती, उठायला हवे होते. बनू ताट घेऊन निघाली.

“बने, थांब जरा.”

सयाजी घोंगड्यात हात घालून काहीतरी शोधत होता. बुवांनी रात्री साथीदारांना मानाचा नारळ दिला होता, तो त्याने बाहेर काढला. लेक माहेरून निघाली की तिची ओटी आईने भरायची. बाप्याचे ते काम नव्हे. शिवाय इथे माहेरही नव्हते. होता तो दगडी सभामंडप, आणि पाठीवर पखवाज घेऊन परत निघालेला बाप. मुठीत तांदूळ पाहिजेत, ते देवापुढच्या पाटावर सांडलेले होते. त्याने ते चिमटीचिमटीने गोळा केले. एकेक करून. वाकलेल्या पाठीने.

“पदर कर म्होरं,” तो म्हणाला.

बनूने ताट खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.