माझ्याशिवाय लागलेला सूर

मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी सूर वाजवायचे, असा माझा थाट. मित्रांनो, आज माझ्या डोक्यावर फुलदाणी नाही, याचा मला केवढा अभिमान आहे! का, ते सांगते.

एका सुताराने मला सागवानी लाकडातून घडवलं आणि एका संगीत नाटक मंडळीने विकत घेतलं. मंडळीची नाटकं हलकीफुलकी; रुसवेफुगवे, फजिती आणि शेवटी लग्न. त्यांत एक मुलगी गायची. सगळे तिला 'हसरी' म्हणत. मला वाजवणारे तरुण मास्तर तिला एकच गोष्ट सांगत, "पेटीबरोबर श्वास घे. भाता भरेल तेव्हा तूही भर." ती तशीच गायची. शेवटच्या गाण्यातला उंच सूर ती असा धरायची, की मी लाकडाची असूनही शहारायचे. मग 'वन्स मोअर'चा नुसता गजर!

पुढे हसरीचं आणि मास्तरांचं लग्न झालं. मंडळी मोडली. मास्तरांना परदेशात वाद्यं दुरुस्त करायचं काम मिळालं आणि आमची वरात बोटीने निघाली. तिथे मास्तर गावभरच्या वाद्यांना बरं करत. माझा भाता मात्र विरत चालला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! हसरी कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करू लागली. तिचं गाणं उरलं ते इस्त्रीच्या वाफेपुरतं, आणि माझ्यावर फुलदाणी आली. हसरीला एकच खंत होती. पोटच्या लेकीने तिला रंगमंचावर कधी ऐकलंच नव्हतं.

हसरीचे केस पिकल्यावर तिथल्या आपल्या मराठी माणसांनी जुन्या नाटकातला एक प्रवेश बसवायचं ठरवलं; गाणार अर्थातच हसरी. लेक म्हणाली, "आई, या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला? आवाज फाटला तर लोक हसतील."

"हसू देत. हसवण्यातच तर जन्म गेला माझा," हसरी म्हणाली. पण मला पुसताना ती एकच पट्टी पुन्हा पुन्हा पुसत होती.

मास्तरांनी भात्याला घाईघाईने ठिगळ लावलं आणि फुलदाणी उतरवून मला सभागृहात नेलं. दुपारी ते भरलं. लेक पहिल्या रांगेत, खाली मान घालून बसली होती. गाणं छान रंगलं, शेवटचा उंच सूर जवळ आला आणि नेमकं ठिगळ सुटलं. फस्स! मास्तर पाय मारताहेत आणि माझ्यातून नुसती हवा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आता हिचाही सूर गेला.

हसरीने मास्तरांच्या पायांकडे पाहिलं. ते जुन्याच लयीत हलत होते. त्यांच्याबरोबर तिने श्वास भरला आणि सूर लावला, एकटीने, माझ्या आधाराशिवाय. तो वर गेला आणि तिथेच राहिला. कोणी खोकलंसुद्धा नाही. मास्तरांनी वाकून एका हाताने भात्याची फाटकी जागा दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने तीच पट्टी दाबली. माझा सूर तिच्या सुरात मिसळला. तसूभरही फरक नव्हता, मित्रांनो! मी थक्क झाले. समोर लेक मान वर करून रडत होती.

घरी आल्या आल्या सवयीने फुलदाणी पुन्हा माझ्यावर आली, तशी लेकीने ती उचलून खिडकीत ठेवली. "बाबा, हिला आधी नवा भाता बसवा," ती म्हणाली. "आणि आई, ते गाणं मला शिकवशील?"

म्हणून सांगते, तुमच्या घरात कोणी गाणारं असेल तर त्यांना गाऊ द्या, समोर बसून ऐका. इतकी वर्षं मला वाटायचं, हिचा सूर मी सांभाळते. त्या दुपारी कळलं, माझा सूर ती सांभाळत होती.