मोजणीबाहेरचे चेंडू

मी ठोकळा बोलतोय. पांढऱ्या रबराचा, दोन फूट लांब, जमिनीत पुरलेला. माझी फक्त वरची बाजू उघडी असते. बेसबॉलचा पिचर माझ्यावर मागचा पाय रोवतो, मला रेटा देतो आणि चेंडू फेकतो. रेटा कमी पडला की सगळा भार हातावर येतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं आपोआप समजेल.

मैदानाच्या मधोमध उंचवट्यावर असतो तो माझा भाऊ. त्याचे फोटो निघतात. मी डाव्या कुंपणाला लागून असलेला. राखीव पिचर तिथे हात गरम करतात. त्या जागेला बुलपेन म्हणतात. मला बघायला आजवर कोणी तिकीट काढलं नाही. त्याचं मला दुःख नाही. भावावर पोरं खेळतात, पण शिकतात माझ्यावर.

ओहायोतल्या एका कारखान्यात साच्यातून निघालो. मला चार बाजू आहेत. एक झिजली की उपटून दुसरी वर करतात. आयोवातल्या वेदरबी गावच्या संघाने मला विकत घेतलं. मोठ्या लीगपासून चार पायऱ्या खालचा संघ. कुंपणापलीकडे मका, अलीकडे आम्ही.

तिथे पिचर घडवायचं काम ऑरिन स्टॅडलरकडे होतं. वय एकसष्ट, मान ताठ, बोलणं तोडून. त्याच्या हाताखाली शंभरेक पोरं माझ्यावर उभी राहिली. माणूस कामाचा होता. हे मी आधीच सांगतो, कारण पुढे त्याच्याबद्दल वाईट बोलणार आहे.

अठ्ठ्याण्णव साली रॉस डेंग्लर आला. नेब्रास्काचा, एकोणीस वर्षांचा, डावखुरा. बापाचा डुकरांचा धंदा. चेंडू जोरात टाकायचा, पण पाय कुठे पडेल याचा नेम नाही. स्टॅडलर गुडघ्यावर बसला आणि खडूने माझ्यावर रेघ मारली.

"टाच इथे. इकडे नाही, तिकडे नाही."

"कोच, तीन बोटांनी असा काय फरक पडणार?"

"फार नाही. पुढच्या वर्षी तू वरच्या संघात असशील की बापाच्या डुकरांत, एवढाच."

समोर साठ फुटांवर लुपे आर्मिहो बसलेला. बुलपेनचा कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा, चौतिशीचा, सगळा जन्म उकिडवं बसण्यात गेलेला. तो ओरडला, "डुकरं बरी, कोच! ती माझ्या गुडघ्यावर तरी नेम धरत नाहीत!"

सबंध जून स्टॅडलरने त्याला संथ चेंडू शिकवला. हात तसाच वेगात फिरवायचा, चेंडू मात्र तळव्यात खोल धरायचा. म्हणजे फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. रॉसचे पहिले दोनशे चेंडू मातीत गेले.

"चेंडू टाकतोयस की बटाटे लावतोयस?" लुपे विचारायचा.

जुलैत तो चेंडू जागेवर पडायला लागला. रॉसचा रेटा माझ्या अंगात सरळ उतरायचा, खिळा ठोकल्यासारखा. असा पाय मला पुन्हा मिळाला नाही.

आता मोजणीचं सांगतो. स्टॅडलरच्या मुठीत एक छोटं मोजणीयंत्र असायचं. चेंडू गेला की टक्. राखीव पिचरला तीस चेंडू. तीस झाले की दोन दिवस विश्रांती. मॅनेजरने कितीही आरडाओरडा केला तरी एकतिसावा नाही. "माझ्या मोजणीत एकही हात गेलेला नाही," असं तो सांगायचा, आणि ते खरं होतं.

पण ते टक् सुरू व्हायचं भावावरच्या पहिल्या चेंडूपासून. माझ्यावर टाकलेले चेंडू कोणीच मोजत नसे. सगळ्या लीगचा तसाच रिवाज होता. हात गरम करणं म्हणजे काम नव्हे, असं सगळे धरून चालायचे.

ऑगस्टमध्ये संघातला दुसरा डावखुरा वरच्या संघात गेला. उरला एकटा रॉस. मॅनेजर जरा घाबरला की स्टॅडलर संघाच्या बाकांपुढच्या पायरीवर येऊन आपला डावा दंड चापटायचा. तो इशारा. रॉस उठायचा, माझ्यावर वीस-पंचवीस चेंडू टाकायचा, सगळे अंगातला जोर काढून. तोवर संकट टळायचं. मग खाली बस. अर्ध्या तासाने पुन्हा दंड, पुन्हा वीस. कधी कधी तिसऱ्यांदा. सामना संपायचा आणि वहीत लिहिलं जायचं: डेंग्लर, शून्य चेंडू, विश्रांती.

महिन्याभरात अशा विश्रांतीचे सहा दिवस झाले, त्यातले शेवटचे तीन लागोपाठ. मला कळत होतं. आधी टाच रेघेवरून सरकली. मग रेटा ढिला पडला. पायातून यायचा तो जोर तो आता कोपरातून ओढत होता. चेंडू गेला की करंगळी झटकायचा, मुंग्या आल्यासारखी. मला तोंड नाही. लुपेला होतं.

शनिवारी सामन्याआधी तो स्टॅडलरशी बोलला, माझ्याच शेजारी उभा राहून.

"कोच, पोरगा दमलाय."

"तीन दिवसांत पोराने एक चेंडू टाकलेला नाही. वही बघ."

"वही तिथली. मी इथलं सांगतोय. हाताला माझ्या सूज आलीय त्याचे चेंडू झेलून."

"लुपे, तुझं काम झेलायचं. मोजायला मी आहे." मग त्याने रॉसला हाक मारली. "पोरा, हात कसा आहे?"

रॉसने लुपेकडे पाहिलं, मग खाली. "मस्त आहे, कोच."

"ऐकलंस?" स्टॅडलर म्हणाला आणि निघून गेला.

खोटं रॉसही बोलला, हे मी लपवणार नाही. पण रविवारी वरच्या संघाचा माणूस येणार होता आणि एक डावखुरा निवडून नेणार होता. दुखतंय म्हणणाऱ्याला कोण नेतो?

रविवार, भर दुपार, उकाडा. नऊ डावांपैकी तिसऱ्यात दंड चापटला. बावीस चेंडू. पाचव्यात चापटला. एकोणीस. सातव्यात पुन्हा. चोवीस. शेवटच्या चेंडूला त्याचा पाय माझ्यावरून घसरलाच.

लुपे उठून जवळ आला. "करंगळी दाखव."

"काही झालं नाही."

"सांग त्याला. मी सांगून तो ऐकत नाही."

"लुपे, तो माणूस समोर बसलाय. आज नाही तर मग डुकरं आहेतच. हो बाजूला."

या वेळी बोलावणं आलं आणि तो पळत मैदानात गेला. भावावर त्याने नियमाचे आठ चेंडू टाकून हात पुन्हा गरम केला. तेही मोजायचे नसतात. मग टक् सुरू झालं. पहिला फलंदाज बाद. दुसरा बाद. अकरावा चेंडू होता तो जूनभर शिकलेला संथ चेंडू. हात फिरला, आणि रॉस कोपर पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचलाच नाही.

कोपराच्या आतला अस्थिबंध तुटला होता. स्टॅडलरने अहवाल लिहिला: चेंडू अकरा, आधी चार दिवस विश्रांती. अहवालात बोट ठेवायला जागा नव्हती. पोराचं कोपर जन्मतःच कच्चं असणार, असं वर ठरलं. पुढच्या वर्षी स्टॅडलरला बढती मिळाली. सगळ्या संघांच्या पिचरांची मोजणी त्याच्याकडे दिली.

शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी रॉसला परत आणलं, एकदा पारखून बघायला. स्टॅडलर खास आला होता. कोपरावर वीतभर वण. रॉसने माझ्यावर पाय ठेवला. टाच बरोबर जागेवर, रेटा सरळ, खिळ्यासारखा. पाय काहीच विसरला नव्हता. हाताला मात्र जमेना. दहा चेंडूंत लुपेने हातमोजा काढून काखेत धरला. त्याने एकही थट्टा केली नाही.

स्टॅडलर म्हणाला, "पाय चांगला आहे."

रॉसने टोपी काढली. "कोच, एक विचारू? त्या दिवशी माझे किती झाले होते?"

मी वाट पाहत होतो. लुपेही पाहत होता. त्या तिघांनाही उत्तर माहीत होतं. म्हाताऱ्याने खाली माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल.

"अकरा," तो म्हणाला.

"बरं," रॉस म्हणाला. त्याने बॅग उचलली आणि मक्याच्या बाजूच्या फाटकातून गेला. तो मला परत दिसला नाही.

आता माझ्या चारही बाजू झिजल्या आहेत. मला उपटून अवजारांच्या खोलीमागे टाकलंय, गवत कापायच्या गाडीच्या चाकाला अडसर म्हणून लावायला. तक्रार नाही. माझं काम झालं.

पण तुमच्या हाताखाली पोरं असतील तर एक सांगतो. हाताला वही कळत नाही. माझ्यावर टाकलेला चेंडू आणि भावावर टाकलेला चेंडू, दोन्ही एकाच कोपरातून सुटतात. त्या रविवारी रॉस डेंग्लरने चौऱ्याऐंशी टाकले. मी मोजले होते.